अकरावीला संगणकशास्त्र: आधी हिशेब, मग बुरूज

दहावीचा निकाल जाहीर झाला की धर्मग्रामाच्या कार्यालयात बाप्तिस्म्याचा दाखला मागण्यासाठी येणाऱ्या पालकांची वर्दळ वाढते. दाखला हाती पडल्यावर बरेच जण क्षणभर घुटमळतात आणि विचारतात, “फादर, मुलाला अकरावीला कॉम्प्युटर सायन्स द्यावे म्हणतो. बरे राहील ना?” प्रश्न साधा वाटतो. परंतु त्यात एका कुटुंबाची कष्टाची मिळकत आणि एका मुलाचे अथवा मुलीचे पुढील आयुष्य गुंतलेले असते. सहसा कोणाच्या ध्यानी न येणारी आणखी एक गोष्ट त्यात असते, ती म्हणजे त्या घरातील मराठी. म्हणून या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देणे आम्हांस उचित वाटत नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानातील चौदाव्या अध्यायात प्रभू येशूने बुरूज बांधू इच्छिणाऱ्या माणसाचा दाखला दिला आहे. शहाणा माणूस आधी खाली बसतो, खर्चाचा अंदाज घेतो, काम तडीस नेण्याइतके आपल्यापाशी आहे का हे पाहतो आणि मगच पायाला हात घालतो. प्रभूने हा दाखला शिष्यत्वाविषयी दिला हे खरे. तथापि मुलांच्या शिक्षणाचा विचार करतानाही त्यातील शहाणपण आपल्याला उपयोगी पडावे. हा विषय घेतल्याने काय मिळते व काय सोडावे लागते, याचा हिशेब मांडण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करीत आहोत.

उर्से टोलनाक्यावरचा धडा

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला. मावळ तालुक्यातील उर्से गावापाशी या मार्गाचा टोलनाका आहे. आपल्यापैकी अनेकांनी तो शेकडो वेळा ओलांडला असेल. गाडी पुढे सरकते, दांडा वर जातो, आपण निघून जातो. या काही क्षणांत काय घडते?

गाडीच्या काचेवर चिकटवलेल्या फास्टॅगच्या पट्टीत बॅटरी नसते. मार्गिकेवर बसवलेले यंत्र रेडिओलहरी सोडते. त्या लहरींच्याच ऊर्जेवर पट्टीतील इवलीशी चिप जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. तो क्रमांक संगणकाकडे जातो. पट्टी खरी आहे का? वाहनाचा प्रकार नोंदीप्रमाणेच आहे का? हे खाते बंद केलेल्या किंवा शिल्लक नसलेल्या खात्यांच्या यादीत तर नाही ना? या सर्व अटी पुऱ्या झाल्या तरच दांडा उचलला जातो. एक जरी अट चुकली तरी तो खालीच राहतो. ‘ही अट पुरी आणि तीही अट पुरी, तरच’ या विचाराला संगणकशास्त्रात ‘अँड गेट’ म्हणतात. अकरावीच्या विद्यार्थ्याला जी तर्कद्वारे शिकवली जातात, त्यांपैकी हे एक.

नाक्यावर बसून संगणक चालवणारा कर्मचारी आपले काम चोख करतो. परंतु पट्टी वाचली गेली नाही तर काय करायचे, दोन गाड्या चिकटून आल्या तर पैसे कोणाचे कापायचे, मध्येच संपर्क तुटला तर नोंद कोठे जपून ठेवायची, याचा विचार अगोदर कोणीतरी कागदावर केलेला असतो. तो विचार करण्याची विद्या म्हणजे संगणकशास्त्र. संगणक वापरता येणे आणि संगणकशास्त्र शिकणे या भिन्न गोष्टी आहेत, हे पालकांनी प्रथम समजून घ्यावे.

ज्याला केवळ वापरायला शिकायचे आहे, त्याच्यासाठी दुसरे मार्ग आहेत. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम खेडोपाडी पोहोचला आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत संगणक चालक व प्रोग्रॅमिंग साहाय्यक हा एक वर्षाचा व्यवसाय अभ्यासक्रम आहे. हे मार्ग कमी प्रतीचे नाहीत. त्यांचा हेतू निराळा आहे.

दोन वर्षांत काय शिकवतात?

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या विज्ञान शाखेत संगणकशास्त्र हा ‘द्विलक्ष्यी’ म्हणजेच बोलीभाषेत ‘बायफोकल’ विषय म्हणून घेता येतो. तो एकूण २०० गुणांचा आहे. त्यात दोन पेपर असतात आणि प्रत्येक पेपरमध्ये ५० गुण लेखी परीक्षेला व ५० गुण प्रात्यक्षिकाला असतात. पहिल्या पेपरमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम, माहितीची मांडणी म्हणजेच डेटा स्ट्रक्चर, सी प्लस प्लस ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि संकेतस्थळाची पाने रचण्यासाठी लागणारी एचटीएमएल हे भाग येतात. दुसरा पेपर यंत्राच्या पोटात शिरतो. द्विमान संख्या, तर्कद्वारे, ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर आणि संगणकांना एकमेकांशी जोडणारी नेटवर्किंगची व्यवस्था, असा त्याचा प्रवास आहे.

८०८५ ही चिप इंटेल कंपनीने १९७६ साली तयार केली. एवढी जुनी वस्तू मुलांना का शिकवतात, असा प्रश्न सुज्ञ पालक विचारतात आणि तो रास्त आहे. आजच्या चिपमध्ये कोट्यवधी सूक्ष्म घटक असतात. त्यांचा कारभार सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला संपूर्ण दिसणे शक्य नाही. ८०८५ मध्ये तो दिसतो. तिला फक्त ६५,५३६ खणांची स्मृती हाताळता येते. ‘ही संख्या या खणात ठेव, ती त्या खणात ठेव, दोहोंची बेरीज कर, थांब’ अशा एकेका आज्ञेने ती चालते. यंत्राला स्वतःची अक्कल नसते आणि आपण सांगितले तेवढेच, सांगितले त्याच क्रमाने ते करते, हा धडा या जुन्या चिपवर चांगला उमगतो. अभ्यासक्रमात अधिक नवे विषय यावेत ही अपेक्षा योग्यच आहे. परंतु जुने म्हणून ते निरुपयोगी, असे मात्र नाही.

याखेरीज ‘माहिती तंत्रज्ञान’ हा १०० गुणांचा वेगळा विषय आहे. तो विज्ञान, वाणिज्य व कला या तिन्ही शाखांत घेता येतो आणि त्याची बारावीची परीक्षा संगणकावरच घेतली जाते. नाव सारखे वाटले तरी हा विषय आणि द्विलक्ष्यी संगणकशास्त्र एक नव्हेत. केंद्रीय मंडळाच्या शाळांतील संगणकशास्त्रात ७० गुण लेखी व ३० गुण प्रात्यक्षिकाला असून तेथे पायथन ही भाषा शिकवतात. प्रवेश घेण्यापूर्वी आपण यांपैकी नेमके काय घेत आहोत, हे महाविद्यालयात विचारून घ्यावे.

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतील संगणकशास्त्र

डेटा स्ट्रक्चर हा शब्द ऐकून घाबरण्याचे कारण नाही. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात त्याचा नमुना आहे. बाप्तिस्म्याची नोंदवही तारखेच्या क्रमाने लिहिली जाते. कोणी दाखला मागण्यास आला आणि त्यास तारीख ठाऊक नसली, तर पहिल्या पानापासून एकेक नाव वाचत जावे लागेल. नावे १,००० असतील तर कदाचित १,००० वेळा बोट फिरवावे लागेल. म्हणून जुन्या धर्मगुरूंनी वहीच्या शेवटी आद्याक्षरांनुसार सूची करण्याची पद्धत पाळली. ते संगणक शिकले नव्हते. पण माहितीची मांडणी बदलली की श्रम वाचतात, हे त्यांना ठाऊक होते.

समजा, ती १,००० नावे पूर्णतः वर्णानुक्रमाने लावली आहेत. आता मधोमध उघडावे. हवे ते नाव आधी येत असेल तर उत्तरार्ध सोडून द्यावा, नंतर येत असेल तर पूर्वार्ध सोडावा. उरलेल्या भागाचे पुन्हा दोन भाग करावेत. अशा रीतीने फार तर १० वेळा पाहिले की नाव सापडते अथवा ते वहीत नाही हे निश्चित होते. नावे १० लाख झाली तरी २० वेळा पाहणे पुरते. हजारपट ओझे आणि श्रम फक्त दुप्पट! बारावीची मुले या पद्धतीला ‘बायनरी सर्च’ म्हणतात. टोलनाक्यावरील रांग, जिच्यात आधी आलेला आधी सुटतो, आणि सभागृहात एकावर एक रचलेल्या खुर्च्या, ज्यांत शेवटी ठेवलेली आधी निघते, ही देखील माहिती मांडण्याच्या दोन रीतींची उदाहरणे आहेत.

या विषयाचा खरा लाभ आम्हांस येथे दिसतो. मोठा प्रश्न लहान तुकड्यांत मांडणे, प्रत्येक पायरी स्पष्ट सांगणे, आपली चूक दुसऱ्यावर न ढकलता शोधून काढणे, ही सवय मुलांना लागते. प्रोग्रॅम चालत नसेल तर यंत्राशी वाद घालता येत नाही. आपणच लिहिलेली ओळ पुन्हा वाचावी लागते. पुढे मूल वकील झाले, शिक्षिका झाले वा शेती करू लागले तरी ही सवय वाया जात नाही.

हिशेबाची दुसरी बाजू

आता खर्चाची बाजू पाहू. पहिला खर्च विषयांचा आहे. २०० गुणांचा हा विषय घेताना दोन विषय सोडावे लागतात. साधारणपणे त्यांत एक जीवशास्त्र असते आणि दुसरी इंग्रजीव्यतिरिक्तची भाषा, म्हणजे बहुधा मराठी अथवा हिंदी.

जीवशास्त्र सोडले की वैद्यकीय शिक्षणाचा सरळ रस्ता बंद होतो. बी.एस्सी. नर्सिंगसाठीही बारावीला जीवशास्त्र लागते. आपल्या समाजातील किती मुलींनी परिचारिकेच्या सेवाव्रताने घरे उभी केली आहेत, हे सांगावयास नको. ज्या मुलीच्या मनात त्या सेवेची ओढ आहे, तिला केवळ संगणकाचा काळ आहे म्हणून जीवशास्त्र सोडावयास लावू नये. २०२३ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यांना वाट मोकळी केली, हे खरे आहे. परंतु तो वळसा आहे, आणि त्यात वेळ व पैसा दोन्ही जातात.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. संगणक अभियंता होण्यासाठी बारावीला संगणकशास्त्र घेतलेच पाहिजे, असा नियम नाही. अभियांत्रिकीसाठी महाराष्ट्रात जी सीईटी घेतात, तिच्यात गणिताला १०० आणि भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राला प्रत्येकी ५० गुण असतात. संगणकशास्त्राला एकही नाही. बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या पदवीसाठीही बारावीच्या गणिताचे महत्त्व अधिक. अनेक मुले हा विषय प्रात्यक्षिकाचे १०० गुण हाती येतात आणि जीवशास्त्राचे पाठांतर टळते एवढ्यासाठीच घेतात. गुण मिळविणे हा काही गुन्हा नव्हे. पण मग ‘मुलगा कॉम्प्युटर शिकतो आहे’ असे म्हणून निश्चिंत राहू नये. गणिताची आवड नसलेल्या मुलाला हा विषय तारून नेईल, ही अपेक्षाही ठेवू नये.

दुसरा खर्च पैशाचा. पुष्कळ महाविद्यालयांत या विषयासाठी वेगळे शुल्क असते. घरी संगणक नसेल तर सराव प्रयोगशाळेच्या तासापुरताच होतो. उर्से आणि आसपासच्या गावांतील मुलांना तळेगाव दाभाडे अथवा पुढे पिंपरी-चिंचवडपर्यंत जावे लागते. जाण्यायेण्याचा वेळ हाही खर्चच. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होत असून अर्जात दहापर्यंत महाविद्यालयांचे पसंतीक्रम देता येतात. केवळ नाव पाहून दूरचे महाविद्यालय वर लिहिण्यापेक्षा तेथील प्रयोगशाळा चालू स्थितीत आहे का आणि विषयाला कायम शिक्षक आहेत का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहणे अधिक शहाणपणाचे.

तिसरा खर्च कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. तो भाषेचा आहे. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. अकरावीत ती सक्ती संपते. द्विलक्ष्यी विषय असो वा माहिती तंत्रज्ञान, त्यांच्या बदल्यात मुले बहुधा मराठीचाच निरोप घेतात. विज्ञान शाखा बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून शिकवली जाते. अशा रीतीने पंधरा-सोळा वर्षांचे मूल जेव्हा गंभीर विचार करू लागते, नेमके त्याच वयात त्याच्या हातून मराठी पुस्तक सुटते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि आपण सर्वांनी आनंद मानला. परंतु मिस्सामध्ये वाचन करण्यासाठी तरुण वाचक शोधताना आमच्या धर्मग्रामांना जी ओढाताण होते, तिचे एक कारण या विषयनिवडीतही आहे, असे आम्हांस वाटते.

भाषा सोडून संगणक साधत नाही

यावर कोणी म्हणेल, संगणकाला मराठी कशाला हवी? उत्तर एका छोट्या चिन्हात आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द पाहा. पहिला गुरुजनांसाठी, दुसरा स्वयंपाक्यांसाठी. दोहोंत अर्ध्या ‘र’चे रूप तेवढे वेगळे आहे. हिंदीला या दुसऱ्या रूपाची गरज पडत नाही, मराठीला पडते. युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात ते लिहिण्यासाठी ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराची सोय करावी लागली. ज्याला हा भेदच ठाऊक नाही, तो कितीही कुशल प्रोग्रॅमर असला तरी त्याचा संगणक आचार्य आणि आचारी यांना एकाच पंगतीत बसवील!

हे काम आपल्याच पुणे परिसरात घडले आहे. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेली सी-डॅक ही संस्था १९९१ च्या परम ८००० या महासंगणकामुळे प्रसिद्धीस आली. परंतु भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे तिचे जिस्ट तंत्रज्ञानही तितकेच मोलाचे होते. १९९१ सालीच भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की या संकेताला राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. तरीही पुढे कित्येक वर्षे, एका छापखान्यात टंकलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांऐवजी विचित्र चिन्हांची गर्दी दिसे. युनिकोडचा वापर रुळला आणि ही अडचण पुष्कळ कमी झाली. आज आपण भ्रमणध्वनीवर सहज मराठी लिहितो, त्यामागे संगणक आणि भाषा ही दोन्ही जाणणाऱ्यांचे परिश्रम आहेत.

ख्रिस्तसभेच्या इतिहासातही हेच दिसते. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला तो येशूसंघीयांकडे. त्याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स यांनी नवे माध्यम हाती आले म्हणून लोकांची भाषा टाकली नाही. उलट त्यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली मराठीत छापून निघाले. विसाव्या शतकात इटलीतील येशूसंघीय फादर रॉबर्टो बुसा यांना संत थॉमस अक्वायनस यांच्या लिखाणातील ‘मध्ये’ या अर्थाच्या एका लहानशा लॅटिन शब्दाचा अभ्यास करायचा होता. त्यासाठी त्यांनी हाताने सुमारे १०,००० कार्डे लिहिली. हे काम यंत्राकडून करून घेता येईल या विचाराने ते १९४९ साली आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले. त्यांनी सिद्ध केलेली शब्दसूची सुमारे १ कोटी १० लाख शब्दांची असून ती ५६ खंडांत छापली गेली. या कार्याला तीस वर्षांहून अधिक काळ लागला. आज कोणताही शब्द टाकून ग्रंथात शोधण्याची जी सोय आपण सहज वापरतो, तिच्या आरंभीच्या शिल्पकारांत एका धर्मगुरूचे नाव आहे, आणि त्याला तेथवर नेले ते भाषेच्या प्रेमाने.

मुलींच्या पालकांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावे. अमेरिकेतील धर्मभगिनी मेरी केनेथ केलर यांनी पन्नाशी उलटल्यावर, १९६५ साली, विस्कॉन्सिन विद्यापीठातून संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्या देशात ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. नंतर त्यांनी क्लार्क महाविद्यालयात संगणकशास्त्राचा विभाग उभारला आणि वीस वर्षे सांभाळला. हा विषय मुलांचा, मुलींना तो झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी या धर्मभगिनीचे स्मरण करावे.

अकरावीच्या मुलांना सर्वांत जवळचे वाटावे असे उदाहरण संत कार्लो अक्युतिस यांचे. १९९१ साली जन्मलेल्या या मुलाने संगणकाची मोठ्यांची पुस्तके स्वतः वाचून प्रोग्रॅमिंग आत्मसात केले आणि ख्रिस्तप्रसादाशी निगडित चमत्कारांची माहिती जगभरातून गोळा करून संकेतस्थळावर मांडली. १२ ऑक्टोबर २००६ रोजी, अवघ्या पंधराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यांना संतपद बहाल केले. संगणक येत होता म्हणून ते संत झाले नाहीत. दररोज मिस्साला जाणाऱ्या मुलाच्या हाती संगणक आला, म्हणून त्याचा असा उपयोग झाला.

यंत्रच प्रोग्रॅम लिहू लागल्यावर

अलीकडे पालक एक नवी शंका काढतात. कृत्रिम बुद्धिमत्ता आता मागाल तो प्रोग्रॅम लिहून देते. मग मुलाने दोन वर्षे कशाला घालवायची? गणकयंत्र आले म्हणून आपण मुलांचे पाढे बंद केले नाहीत. दिलेले उत्तर बरोबर की चूक, हे ओळखण्यासाठी विषयाची समज लागते. टोलनाक्यासाठी यंत्राने लिहिलेला प्रोग्रॅम रुग्णवाहिकेला अडवून ठेवतो की सोडतो, हे कोणीतरी माणसानेच तपासले पाहिजे आणि त्याची जबाबदारी घेतली पाहिजे. २८ जानेवारी २०२५ रोजी व्हॅटिकनने ‘अँटिक्वा एत नोव्हा’ हे निवेदन प्रसिद्ध केले. मानवी बुद्धी व यंत्राची कार्यक्षमता एकच नव्हेत आणि यंत्राच्या वापराची नैतिक जबाबदारी माणसाचीच राहते, हा त्याचा गाभा आहे.

या तत्त्वाची पहिली परीक्षा मंडळाच्या परीक्षेआधीच होते. ती मुलाच्या प्रयोगवहीत होते. दुसऱ्याचा अथवा यंत्राचा प्रोग्रॅम उतरवून शिक्षकांची सही घेणे आज फार सोपे झाले आहे. गुण मिळतील, पण जी विद्या घेण्यासाठी जीवशास्त्र सोडले, मराठी सोडली, आईबापांनी पैसे भरले, तीच हाती लागणार नाही. बुरूज बांधला तो नुसता रंगवलेला पडदा ठरेल. पालकांना सी प्लस प्लस येत नसली तरी ‘आज लिहिलेला प्रोग्रॅम मला मराठीत समजावून सांग’ असे त्यांना म्हणता येते. ज्याला तो समजावता आला, त्याने तो स्वतः केला आहे असे बहुधा समजावे. या एका प्रश्नाने मुलाचे संगणकशास्त्रही पक्के होईल आणि मराठीही.

आपल्याला काय करता येईल?

वरील हिशेबावरून आमचे मत असे बनले आहे. ज्या मुलाला गणित आवडते, कोडी सोडवण्यात रस आहे आणि वैद्यकीय वा परिचारिकेच्या सेवेकडे ओढ नाही, त्याने संगणकशास्त्र अवश्य घ्यावे. ज्याचा निश्चय झालेला नाही, त्याने जीवशास्त्र व गणित दोन्ही ठेवून दारे उघडी ठेवावीत. संगणकशास्त्र पदवीच्या वेळीही भेटते. आणि ज्यांनी ते घेतले, त्यांच्या घरी व धर्मग्रामात मराठीची जागा राखली जावी. अशा मुलांना मिस्सामधील वाचनांची जबाबदारी द्यावी, धर्मग्रामाच्या वार्तापत्राचे मराठी टंकलेखन त्यांच्याकडे सोपवावे, जुन्या नोंदवह्यांची संगणकीय सूची करण्याचे काम धर्मगुरूंच्या देखरेखीखाली त्यांना द्यावे. या कामांत त्यांच्या शास्त्राचा सराव होईल आणि भाषाही हातची जाणार नाही.

खर्चाच्या बाबतीत मावळाला एक जुना धडा ठाऊक आहे. सर्वसामान्यांकडून एकेक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारण्याची कल्पना अंताजी दामोदर काळे यांनी मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. तेथे काच बनविण्याचे शिक्षण घेऊन कारागीर देशभर गेले. एकेका पैशातून जर असे शिक्षण उभे राहू शकले, तर रविवारच्या वर्गांनंतर रिकाम्या राहणाऱ्या आपल्या सभागृहात दोन-तीन जुने पण चालू संगणक ठेवणे अशक्य नाही. कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्या तरुण अभियंत्यांनी आठवड्यातून एक सायंकाळ तेथे द्यावी. ज्याच्या घरी संगणक नाही अशा मुलाला सरावासाठी जागा मिळेल, आणि मोठ्या भावाप्रमाणे शंका सोडवणारा कोणी मिळेल.

पालकहो, प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी एक संध्याकाळ मुलासोबत बसा. एका बाजूला काय मिळणार ते लिहा, दुसऱ्या बाजूला काय सोडावे लागणार ते लिहा. शेजाऱ्याच्या मुलाने काय घेतले, हा रकाना त्या कागदावर नको. मुलाला बोलू द्या आणि त्याचे पूर्ण ऐकून घ्या. प्रार्थना करून घेतलेला, डोळसपणे घेतलेला निर्णय पुढे बदलावा लागला तरी त्यात पश्चात्ताप उरत नाही. यंदा अकरावीत पाऊल टाकणाऱ्या आपल्या सर्व मुलामुलींना ज्ञानाचा दाता पवित्र आत्मा सुबुद्धी देवो, हीच प्रार्थना.